शिष्यवृत्तीचा अर्ज नेमका कुठे अडकलाय? एनएसपीची एक पूर्ण फेरी बघितल्यावर

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, सगळे ज्याला एनएसपी म्हणतात ते, मी धाकट्या भावासाठी वापरतेय. अर्ज त्याचा, आधार त्याचं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. पण रात्री जेवणं झाली की "ताई, बघ ना काय झालं" म्हटलं की लॉगिन करून बघणारी मी. आता त्याचं दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण चालू आहे, म्हणजे एक पूर्ण फेरी बघून झाली. अर्ज कसा भरायचा यावर ढिगाने व्हिडिओ पडलेत, तो भाग सोडते. भरून झाल्यावर जे महिने जातात त्यांच्याबद्दल लिहिते, कारण जीव टांगणीला लागतो तो तिथे.

आमची योजना कोणती ते आधी सांगायला हवं. पोर्टल एकच असलं तरी त्यावर वेगवेगळ्या मंत्रालयांच्या योजना आहेत आणि प्रत्येकीची चाल निराळी. आमची उच्च शिक्षण विभागाची केंद्रीय क्षेत्र योजना, हल्ली नावापुढे पीएम-यूएसपी लागतं. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर मार्क (टक्के नव्हे, शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असणं), घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, रेग्युलर कोर्सला ॲडमिशन आणि दुसरी कुठली शिष्यवृत्ती चालू नको. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. इंजिनिअरिंगसारखा चार वर्षांचा कोर्स असेल तर चौथ्या वर्षी २०,०००. यात सगळी फी भागत नाही हे उघड आहे, पण पुस्तकं, बसचा पास, परीक्षेचा फॉर्म यासाठी घरात हात पसरावा लागत नाही. पोराला ते फार मोठं वाटतं.

भरतानाची एकच गोष्ट सांगते, कारण पुढे चौकशी करताना तीच लागते. ओटीआर नावाचा १४ अंकी नंबर आधी काढावा लागतो, आधारची पडताळणी करून. तो विद्यार्थ्याचा नंबर, शिक्षण संपेपर्यंत तोच. अर्जाचा क्रमांक वेगळा, तो त्या अर्जापुरता. कुठेही विचारायला गेलात की समोरचा "आयडी सांगा" म्हणतो आणि पोरं हमखास ओटीआर सांगून मोकळी होतात. मग यादीत नाव सापडत नाही, आणि "तुमचा अर्ज आलेलाच नाही" हे वाक्य ऐकून घरी येतात. दोन्ही नंबर एका कागदावर, कुठला कोणता हे लिहून ठेवा.

आता स्टेटस. पार्सलच्या ट्रॅकिंगसारखं ते वाचायला जाऊ नका. पार्सल गोदामातून गोदामात हलतं म्हणून तिथे नवी ओळ येते. इथे ओळ बदलत नाही तेव्हा कुणाच्या तरी लॉगिनला कुणी बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. टप्पा दिसतो, पण कारण दिसत नाही. कारण माणसाकडे जाऊनच विचारावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न असा असायला हवा, की आत्ता अर्ज कुणाच्या टेबलावर आहे?

पहिलं टेबल कॉलेजचं. प्रत्येक संस्थेत एक नोडल अधिकारी नेमलेला असतो, त्याच्या लॉगिनमध्ये त्या कॉलेजचे सगळे अर्ज येतात आणि तो एकेक तपासून पुढे पाठवतो. भावाचा अर्ज इथे बरेच दिवस होता. रोज तीच ओळ. शेवटी मीच गेले. शिष्यवृत्तीची खिडकी दुपारी ठरावीक वेळच उघडी, बाहेर पोरांची रांग, आत पंख्याखाली फायलींचे गठ्ठे.

"भाऊसाहेब, एनएसपीचा अर्ज तुमच्याकडे पेंडिंग दाखवतोय."

"हार्ड कॉपी दिली का?"

"ऑनलाइन सगळं केलंय ना."

"ते दिसतं हो आम्हाला. पण कागद बघितल्याशिवाय सर पुढे पाठवत नाहीत. प्रिंट, उत्पन्नाचा दाखला, बारावीचं मार्कशीट, बोनाफाइड, फी पावती. झेरॉक्सवर सह्या करून आणा."

नोटीस बोर्डावर याची चिठ्ठी नव्हती, वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं हे सगळ्यांना माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी गठ्ठा नेला. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अर्ज क्रमांक लिहिला आणि आपल्याकडच्या प्रतीवर आवकचा शिक्का मागून घेतला. शिक्का मारताना ते जरा नाराज दिसले. पण त्या शिक्क्याचा गुण असा, की पुढच्या वेळी "दिलंय का" इथून बोलणं सुरू होत नाही. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत ओळ बदलली.

बहुतेक घरांत फसगत होते ती तारखांची, म्हणून त्यावर जरा थांबते. पोर्टलवर प्रत्येक योजनेसमोर एकच शेवटची तारीख नसते. विद्यार्थ्याने अर्ज भरायची एक, त्रुटी निघालेला अर्ज दुरुस्त करायची दुसरी, संस्थेने पडताळणी करायची तिसरी आणि त्यावरच्या पातळीची आणखी वेगळी. आपण आपली तारीख पाळली की निर्धास्त होतो. पण संस्थेची तारीख टळली आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच राहिला, तर आपण वेळेत भरलं होतं याला काही किंमत राहत नाही. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते हे खरं. कॉलेजात तर "वाढेल हो तारीख" हे ठरलेलं उत्तर आहे. वाढेलही. तिच्यावर विसंबून राहू नये एवढंच. मी कॅलेंडरवर संस्थेच्या तारखेभोवती लाल गोल केला होता, भावाच्या तारखेभोवती नाही.

अर्जावर 'डिफेक्टिव्ह' असा शेरा आला तर घरात रडारड करू नका. तो अर्ज दुरुस्तीसाठी आपल्याकडे परत आलाय, बाद झालेला नाही. सोबत कारण लिहिलेलं असतं: दाखला वाचता येत नाही, उत्पन्नाचा आकडा जुळत नाही, कोर्सचं वर्ष चुकलंय, असं काहीतरी. ते नीट करून मुदतीत पुन्हा सबमिट केलं की अर्ज परत त्याच टेबलावर जातो. 'रिजेक्टेड' मात्र वेगळं, तिथे परतीची वाट नाही. म्हणून चुकीचा कागद बघून खिडकीवरचा माणूस म्हणाला, की "रिजेक्ट करतो, नवीन भरा," तर हात जोडून "डिफेक्ट करून परत पाठवा ना सर" म्हणायचं. भावाच्या वर्गातल्या एका मुलीचं काम या एका वाक्याने वाचलं. तिच्या वडिलांनी ते विचारलं नसतं तर कुणी आपणहून सांगितलं नसतं.

दुसऱ्या, म्हणजे कॉलेजच्या वरच्या पातळीच्या पडताळणीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ती आपल्या हातातली नाही, तिथे खिडकीही नाही. आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. मी रोज बघायचे, त्याने फक्त माझा मोबाइल डेटा संपला.

दोन्ही पडताळण्या झाल्या म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, असं सगळे धरून चालतात. या योजनेत तसं नाही. कागद खरे आहेत एवढंच पडताळणी सांगते. निवड त्यानंतर गुणवत्तेवर होते. देशभरात दरवर्षी नव्या ८२,००० शिष्यवृत्त्या असतात. त्या बोर्डांमध्ये राज्यातल्या १८ ते २५ वयाच्या लोकसंख्येच्या हिशोबाने वाटल्या जातात, मग विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना ३:२:१ अशा, आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. म्हणजे ८० पर्सेंटाइल हे फक्त दारात उभं राहण्यापुरतं आहे, आतली रांग मोठी. भावाचा एक मित्र कॉमर्सचा. त्याचे दोन्ही टप्पे पार झाले होते, आणि पुढे कितीतरी दिवस तो "बँकेचाच काहीतरी घोळ आहे" म्हणत पासबुक भरून आणत होता. नाव यादीत नव्हतं, एवढीच गोष्ट. त्याला ते वेळेत उमगलं असतं तर इतके दिवस आशेवर राहिला नसता.

यानंतरचा प्रवास एनएसपीवर होत नाही, आणि तो समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पैसे निघतात ते पीएफएमएस या केंद्र सरकारच्या वित्त व्यवस्थापन प्रणालीतून. तिच्या साइटवर एनएसपीची देयकं तपासायची वेगळी सोय आहे, तिथे अर्ज क्रमांक टाकला की पैसे निघाले की नाही ते कळतं. एनएसपीवर सगळं हिरवं आणि खात्यात शून्य अशी स्थिती असेल तर कॉलेजच्या खिडकीवर भांडून उपयोग नाही. भाऊसाहेबांच्या हातात तिथे काहीच नसतं. आधी पीएफएमएस बघा.

आणि त्याच्याही आधी खातं बघा. रक्कम आधारवरून जमा होते, म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, कुठलं आधार कुठल्या बँकेत त्या यादीत, तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे. मॅपरमध्ये एका आधारला एकच बँक असते, शेवटची सीडिंग, म्हणजे या यादीतली नोंद, केलेली. घरात चार खाती असोत, पैसा जाणार त्या एकीत. आम्ही अर्ज कॉलेजकडे असतानाच माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बघितलं. तिथे नाव निघालं ते शाळेत असताना काढलेल्या खात्याच्या बँकेचं. त्या खात्यात कित्येक वर्षांत व्यवहार नव्हता, पासबुक कुठल्या कपाटात आहे ते आईलाच ठाऊक.

मग नव्या खात्याच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम स्क्रीन बघून म्हणाल्या, "आधार लिंक आहे की." होतंच लिंक, केवायसीसाठी. पण केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत (त्यालाच डीबीटी म्हणतात) म्हणून मॅपरमध्ये नोंद करणं वेगळं. त्याला वेगळा संमतीचा फॉर्म लागतो. "मॅडम, डीबीटीसाठी सीडिंग करायचंय, आता दुसऱ्या बँकेचं नाव दिसतंय," असं स्पष्ट म्हटल्यावर त्यांनी खणातून तो फॉर्म काढला. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. काही दिवसांनी माय आधारवर पुन्हा बघितलं, नाव बदललेलं होतं. एनपीसीआयच्या साइटवरूनही ही विनंती करता येते, फक्त आपली बँक तिथल्या यादीत असायला हवी.

या सगळ्यात यूट्यूबचा एक वेगळाच वैताग. "शिष्यवृत्ती जमा झाली, आत्ताच चेक करा" असं लाल-पिवळ्या अक्षरांत दर चार दिवसांनी येतं, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धावपळ सुरू होते. व्हिडिओ उघडला तर कुठल्या तरी भलत्याच योजनेबद्दल, नाहीतर मागच्या वर्षीचा. त्याहून वाईट म्हणजे फोन. "शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा" असा फोन आमच्याकडेही आला. अर्ज क्रमांक, ओटीआर, जन्मतारीख या गोष्टी ग्रुपवर स्क्रीनशॉटमध्ये टाकणारे पालक बघितले की हे फोन कुठून येत असतील ते लक्षात येतं.

पोर्टलबद्दल माझं मत विचाराल तर कामाचं आहे. पूर्वी हाच प्रकार कागदावर होता तेव्हा फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कळायलाच ओळख लागायची. आता ते घरबसल्या दिसतं. मोबाइलवर बघण्यापेक्षा कॉम्प्युटरवर बघा, एकेक टप्पा नीट वाचता येतो.

नूतनीकरणाला मागच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. मार्कांचं ठीक आहे, पण हजेरीकडे पोरांचं लक्ष नसतं आणि वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांच्या दारात गर्दी होते. अर्जही दरवर्षी आपणच भरायचा, एकदा निवड झाली म्हणून तो आपोआप पुढे जात नाही. पहिल्या वर्षी पैसे मिळालेली काही मुलं दुसऱ्या वर्षी केवळ या समजुतीपायी राहून जातात. भावाने या वेळी कागदांचा गठ्ठा सबमिट केला त्याच दिवशी खिडकीवर दिला, आणि शिक्का स्वतः मागितला. संस्थेची पडताळणी झाली आहे. सीडिंग स्टेटस काल पुन्हा बघितलं, बँक तीच आहे.