डेटाबेसमधून फॉर्म छापायचे कसे? बडोद्याच्या वाचनालयातला अनुभव

दांडिया बाजार भागातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची सगळी नोंद मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये आहे. त्यातून नूतनीकरणाचा आधीच भरलेला फॉर्म, वर्गणीची पावती, वाचक कार्ड आणि थकीत पुस्तकांची पत्रं छापावी लागतात. जुने बडोदेकर सभासद मराठी वाचतात, पण पुढच्या पिढीला गुजराती सोपी वाटते, म्हणून पावतीवर दोन्ही लिप्या हव्यात. गेल्या पावसाळ्यापासून तीन पद्धती शेजारी शेजारी वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: सगळ्या कागदांना एकच पद्धत लावू नये. तो कागद कोण बदलणार आणि छापल्यावर त्याला पुराव्याचं मोल आहे का, हे बघून पद्धत ठरवावी.

अ‍ॅक्सेसचा स्वतःचा रिपोर्ट थकीत यादीसाठी उत्तम. एका सभासदाकडे एक पुस्तक असो की सात, सभासदावर ग्रुप केलं की यादी आपोआप लांबते. लांब नावाच्या चौकटीला ‘कॅन ग्रो’ दिलं की शेवटचे शब्द कापले जात नाहीत. अडचण एवढीच, की डिझाइन व्ह्यू (रिपोर्टची मांडणी बदलायची खिडकी) येणारा माणूस नसेल तर एक ओळही बदलत नाही.

पत्रांसाठी वर्डचं मेल मर्ज (एकाच मजकुरात प्रत्येकाची माहिती आपोआप भरणारी सोय) ठेवलं, ते आमच्या चिटणीसबाईंसाठी. मजकूर त्या स्वतः बदलतात, कुणाची वाट बघत नाहीत. ही सोय मला फार मोलाची वाटते. तारीख आणि रक्कम हव्या त्या रूपात येण्यासाठी फील्ड कोडमध्ये (पत्रातल्या माहितीच्या जागेमागच्या सूचनेत) नमुना लिहून द्यावा लागतो, किंवा डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या क्वेरीतच त्यांचा मजकूर तयार करून पाठवावा. मी दुसरा मार्ग घेतला, कारण हिशेब आणि मांडणी वेगळी राहिलेली बरी. मात्र मेल मर्जमध्ये एका नोंदीचं एक पत्र हाच हिशोब असतो. एका सभासदाखाली अनेक पुस्तकांचा तक्ता हवा असेल तर तिथे फार ओढाताण होते.

पावती आणि नूतनीकरण फॉर्म एचटीएमएल साच्यावर, म्हणजे वेबपानासारख्या मांडणीवर नेले आणि वीझीप्रिंट या साधनाने त्यांची पीडीएफ करतो. साध्या पायथन स्क्रिप्टने ओडीबीसी या डेटाबेस जोडणीमार्फत डेटा वाचतो. इथे पायथन आणि अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हर दोन्ही 32 बिट किंवा दोन्ही 64 बिट लागतात. मिसळले तर जोडणीच होत नाही. पीडीएफ करण्यासाठी डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे दुसरं साधन खूप जण सुचवतात, पण तो प्रकल्प 2023 मध्ये बंद करून ठेवला गेला, म्हणून नव्या कामासाठी घेतला नाही. वीझीप्रिंट अक्षरजुळणीचं काम पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडून करून घेतं, त्यामुळे ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘दऱ्या’ सगळं नीट येतं. नोटो सान्सचे देवनागरी आणि गुजराती फॉन्ट एकाच घराण्याचे, त्यामुळे दोन ओळी एकमेकींशेजारी विजोड दिसत नाहीत. साच्यात भाषा मराठी अशी नोंदवावी. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. आपल्या सभासदाचं नाव आपल्या वळणात दिसावं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ए4 कागद आडवा कापला की ए5 च्या दोन पावत्या निघतात, एक सभासदाला, एक फाइलला.

पण पीडीएफचा खरा फायदा पुढे कळतो. सभासद रावपुऱ्यातून मांजलपूरला राहायला गेला आणि त्याने गेल्या वर्षीची पावती पुन्हा मागितली, तर चालू डेटातून छापलेल्या पावतीवर नवा पत्ता येईल. ती मूळ पावती नव्हे. म्हणून पावती झाली की तिची पीडीएफ क्रमांकानिशी वर्षाच्या फोल्डरमध्ये जाते, आणि मागणी आली की तीच ‘दुसरी प्रत’ शिक्क्यासह छापली जाते. वर्गणीचा दरही दरांच्या तक्त्यातून उचलत नाही, पावतीच्या नोंदीतच लिहून ठेवतो. पुढे दर वाढला तरी जुनी रक्कम हलत नाही. तुम्ही कुठलीही पद्धत घ्या, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा. मागाहून जुन्या पावत्या तशाच्या तशा उभ्या करणं फार अवघड जातं.

वाचक कार्डं मात्र अ‍ॅक्सेसच्या लेबल रिपोर्टमधूनच निघतात आणि ती तिथेच राहणार. आधीच कापलेल्या शीटवर छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ बंद करून आकार 100 टक्के ठेवा, नाहीतर खालच्या ओळीतल्या कार्डांची नावं कडेवर जातात.