इंदूरमध्ये कंपोस्टची मडकी घ्यावीत का?

इंदूरला राहून घरी कंपोस्टचं सामान विकत आणणं म्हणजे नर्मदाकाठी विहीर खणणं, असं आमचे धाकटे दीर म्हणाले. तसं त्यांचं चूक नाही. कचऱ्याची गाडी रोज दारात येते. ओला कचरा जातो देवगुराडियाला. तिथल्या 2022 साली सुरू झालेल्या, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या कारखान्याची क्षमता दिवसाला 550 टनांची आहे आणि तिथल्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. तेव्हा ‘पर्यावरणासाठी घ्या’ असं सांगून कोणी मडकी गळ्यात मारत असेल, तर निदान इंदुरात तरी भुलू नका. ही मडकी घ्यायची ती खतासाठी, आणि दारात कुंड्या असतील तरच.

आमच्या राजेंद्रनगरच्या गॅलरीत मोगरा, कढीपत्ता, गवती चहा असा पसारा आहे, म्हणून मी घेतली. भाजलेल्या मातीची तीन मडकी एकावर एक, वर झाकण, अंगाला भोकं. किंमत 2,000 रुपयांच्या आसपास. वरच्यात रोजचा कचरा टाकायचा आणि त्यावर मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेला वाळका पाला. ते भरलं की मधे सरकवायचं आणि रिकामं वर घ्यायचं. मातीतून हवा खेळते, जास्तीचं पाणी अंगानेच सुकतं. शेजारच्या प्लॅस्टिकच्या ड्रममधून काळं पाणी फरशीवर येतं, तसं इथे होत नाही.

खरी मेख वाळक्या पाल्यात आहे. आंबूस वास आला की समजायचं, ओलं जास्त झालं. पाला घालून खालीवर केलं की दुसऱ्या दिवशी वास जातो. पोह्यांवर पिळलेल्या लिंबांची सालं बारीक चिरूनच टाका. भुट्ट्याचा कीस करून उरलेली कणसं मात्र गाडीलाच द्या, ती महिनोन्‌महिने तशीच राहतात. पावसाळ्यात जाड, करड्या अळ्या होतात. सासूबाईंनी त्या पाहून दोन दिवस गॅलरीत पाऊल टाकलं नाही, पण त्या बिचाऱ्या चावत नाहीत की घरात येत नाहीत, उलट कचरा भराभर फस्त करतात. चिलटांसाठी झाकणाखाली जुनं सुती फडकं बांधलंय. दुकानदार दर महिन्याला ‘कल्चर’ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पावडर घ्यायला सांगतो. मी आंबट ताक शिंपडते, काही अडत नाही.

आणि यात नवं काय म्हणा! ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथेच होते. पालापाचोळा, शेण, राख यांचे थर देऊन, ढीग वरखाली करून साधारण तीन महिन्यांत खत करायची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते, आणि त्या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत असतं? माझ्या मडक्यात शेण नाही एवढंच, बाकी तत्त्व तेच. खत काळं, भुसभुशीत निघतं, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. मोगऱ्याला मानवलंय.

उणिवाही आहेत. थंडीत काम रेंगाळतं. भरलेलं मडकं एकटीला उचलवत नाही, ‘अहो, जरा या’ म्हणावं लागतं. शिवाय एखाद्याची कड उडाली तर सुटं मडकं मिळत नाही; दुकानदार म्हणतो, ‘पूरा सेट लेना पड़ेगा.’ म्हणून घेताना तिन्ही मडकी बोटाने वाजवून पाहा आणि खणखणीत वाजली तरच पैसे द्या.