मेंदूतली गाठ: स्पेक्ट्रोस्कोपी की बायोप्सी?

मेंदूत गाठ आहे म्हटलं की रत्नागिरीकडची माणसं आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात, नाहीतर मुंबई. सावंतवाडीकडची गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. तिथे बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, सुचवली की घरचे हमखास विचारतात, ‘सुई न घालता नाही का कळणार?’

बरंचसं कळतं. एमआरआयच्याच मशीनमध्ये आणखी काही मिनिटं पडून राहिलं की स्पेक्ट्रोस्कोपी गाठीतली रसायनं आलेखावर दाखवते. आलेखाच्या आडव्या पट्टीवर ३.२ पीपीएमला (पीपीएम हे त्या पट्टीचं माप) कोलीन: पेशींची आवरणं झपाट्याने बनू लागली की हे शिखर उंचावतं. २.० ला एनएए, निरोगी चेतापेशींची खूण. कोलीन वर, एनएए खाली, जोडीला लॅक्टेट (पेशींना प्राणवायू अपुरा पडला की साचणारं रसायन), की घातक गाठीचा संशय बळावतो. पण मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, बहुतेकदा साधा (कर्करोग नसलेला) असूनही त्यात कोलीन चढलेलं दिसतं. गाठ कवटीच्या हाडालगत असेल तर आलेखच गढूळ येतो.

बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका आहे, थोडा पण खरा. तरी गाठीची जात, ग्रेड (ती किती घातक आहे याची पायरी), जनुकीय बदल खात्रीने तीच सांगते.

म्हणून नुसता आलेख ‘साधी’ म्हणतो एवढ्यावर, डॉक्टर सांगत असताना, बायोप्सी टाळून गावी परतू नका. सुई नेमकी कुठे घालायची हे ठरवायला स्पेक्ट्रोस्कोपीचा उपयोग होईल का, ते मात्र जरूर विचारा. कोलीन सर्वांत जास्त असलेल्या जागेचा तुकडा घेतला, तर गाठीचा घातक भाग निसटण्याची शक्यता कमी होते.