पिकअपला पिकअप दिलं! 51 ची शेवी, पोटात 5.3 व्ही8, आठ महिने चालवल्यावरचा अनुभव

ज्यांनी ज्यांनी गराजमध्ये सांगाडा बघून "ही कधी चालणार रे" म्हणून हसून घेतलं त्या सगळ्यांना सांगतो, चालली. एप्रिल ते नोव्हेंबर 4100 मैल झाले, आता मिशिगनात रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात झालीय म्हणून गाडी आत घेतली आणि मी लिहायला मोकळा.

गाडी म्हणजे शेवरोले (शेवी) 3100 पिकअप, अर्ध्या टनाची, गोल फेंडरवाली, हे मॉडेल 1947 ला आलं आणि 55 च्या सुरुवातीपर्यंत चाललं. माझी 51 ची, म्हणजे दाराला ती त्रिकोणी छोटी काच आहे पण हँडल जुनंच, पुश बटण 52 ला आलं. मूळ इंजिन 216 घनइंची, सरळ सहा सिलिंडर, 90 च्या आसपास हॉर्सपॉवर, बॅबिटच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगा, आणि कनेक्टिंग रॉडला खाली पळीसारखे डिपर असतात त्यांनी ऑइल उचलायचं. मागे 4.11 गिअर रेशोचा ॲक्सल. ताशी पन्नास मैलांच्या पुढे गेलं की कोल्हापुरात आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती तसला आवाज यायचा, आणि इथल्या फ्रीवेवर पन्नासने चालवणं म्हणजे मागचा ट्रेलर आपल्या हौद्यात येऊन बसलाच समजा. म्हणून ठरवलं, अंग जुनंच ठेवायचं, रंगसुद्धा उडालेला आहे तसाच, आणि खालचं सगळं नवीन.

नवीन म्हणजे काय, तर 2002 च्या सिल्व्हरॅडोचं 5.3 लिटरचं व्ही8, बिडाचा ब्लॉक, त्याच्याच मागचा 4एल60ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्ही भंगारवाल्याकडून 1600 डॉलरला. 2002 चंच का, तर त्यात थ्रॉटल केबलवर चालतो, पुढच्या वर्षापासून इलेक्ट्रॉनिक झाला आणि तारांचं लफडं वाढलं. मागे फोर्ड एक्स्प्लोररचा 8.8 ॲक्सल, 3.73 चा, डिस्क ब्रेकसकट. पुढचा सरळ ॲक्सल आणि पाटे काढून फोर्डच्या मस्टँग टू पद्धतीचं इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि रॅक स्टिअरिंग. एक्स्प्लोररचा ॲक्सल आणि माझं मस्टँग टू पद्धतीचं किट दोघांचा पाच बोल्टचा पॅटर्न साडेचार इंची, त्यामुळे चारही चाकं एकसारखी बसली, हा विचार आधी केला नसता तर स्टेपनी पुढे एक नि मागे एक ठेवावी लागली असती.

आता खरं सांगतो, इंजिन हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त भाग निघाला. सगळे व्हिडिओ इंजिनाचे बघतात (मीपण तेच केलं), पण आठ महिन्यांत मला ज्या ज्या गोष्टीने रडवलं त्यातली एकही इंजिनाची नव्हती.

पहिल्याच दिवशी चावी फिरवली, इंजिन झकास सुरू झालं आणि दोन सेकंदात बंद. परत सुरू, परत बंद. पंप बघितला, फिल्टर बघितला, अर्धा दिवस गेला. शेवटी कळलं की कंप्युटर अजून सिल्व्हरॅडोचा चोरीविरोधी सिग्नल शोधतोय, नाही सापडला की पेट्रोल तोडतो. ज्याच्याकडून वायरिंग हार्नेस आणि कंप्युटर तयार करून घेतला त्याने ते बंद करून दिलंय म्हणून बिलात लिहिलं होतं, केलं नव्हतं. एक आठवडा आणि परत कुरिअरचे पैसे.

दुसरं ब्रेक. या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) पायाखाली, फ्लोअरच्या खाली चासीला असतो आणि मी तो तिथेच ठेवला कारण फायरवॉलवर मोठा डबा मला बघवला नसता. चार वेळा हवा काढली तरी पहिला दाब पोकळ, दुसऱ्या दाबाला ब्रेक लागायचा. कारण साधं आहे पण डोक्यात येत नाही, मास्टर चाकावरच्या ब्रेक कॅलिपरपेक्षा खाली, त्यामुळे ऑइल हळूहळू मागे उतरतं. प्रत्येक लाइनला 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) टाकायचा, झालं. 40 डॉलरची वस्तू, पण त्या आधी एका सिग्नलला माझा जीव घशात आला होता.

तिसरं स्टिअरिंग. पंप जीएमचा (जनरल मोटर्स, शेवीची कंपनी), रॅक फोर्डची, आणि जीएमचा पंप त्या रॅकला हवं त्यापेक्षा जास्त प्रेशर देतो, मग साठच्या वर नुसतं शिंकलं तरी गाडी लेन बदलते. पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये शिम (पातळ चकती) टाकून प्रेशर कमी केलं, आता मस्त आहे, पण पहिले 300 मैल मी स्टिअरिंग धरलं नव्हतं, त्याला लोंबकळत होतो. त्यातच ज्या शॉपने पुढचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) वेल्ड केला त्यांनी माप चुकवलं, डावं चाक फेंडरच्या मध्यात नाही, थोडं मागे. रोज दिसतं. टायर नीट झिजतायत म्हणून परत कापत नाहीये.

आणि पेट्रोलचा काटा! हे ऐकाच. मूळ टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असते, पेट्रोलचा वास डोक्यात जातो, म्हणून मी नवीन टाकी मागे हौद्याखाली लावली, पंप टाकीतच, कारण या इंजिनाला 58 पीएसआय लागतं, आणि कॉर्व्हेटचा तो फिल्टर वापरला ज्यात रेग्युलेटर आतच असतो म्हणजे पुढून परतीची लाइन आणायची गरज नाही, इथपर्यंत सगळं बरोबर. डॅशबोर्डवरचा काटा मात्र हौसेने जुनाच ठेवला. दोन दिवस फिरलो, काटा फुल्लच. मी घरी येऊन बायकोला सांगतोय काय ॲव्हरेज देतेय गाडी, वाटलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आय-96 हायवेवर काटा बघता बघता खाली आला आणि नोव्हाय गावाच्या एक्झिटच्या आधी गाडी उभी. जुना काटा 0 ते 30 ओहमचा, नवीन टाकीतला सेंडर (पातळी मोजणारा) 0 ते 90 चा, म्हणजे टाकी एक तृतीयांश उरली तरी काटा म्हणणार फुल्ल. आता मध्ये छोटा कन्व्हर्टर आहे आणि ॲव्हरेज खरं काय ते कळलं, गॅलनला 15 ते 16 मैल. बायको अजून सोडत नाही, कोणी पाहुणा आला की हा किस्सा होतो.

आता चांगलं. 65 ला इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास फिरतं, गप्पा मारता येतात. उतारावर, पावसात, ट्रॅफिकमध्ये, कुठेच ताप नाही, सकाळी एका चावीत सुरू. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची जत्रा) दिवसभर मुंगीच्या चालीने पुढे सरकलो, आजूबाजूला लोक बॉनेट उघडून उभे आणि माझ्या टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही, दोन इलेक्ट्रिक पंखे आहेत. एक आजोबा मात्र गुडघ्यावर बसून मागे वाकून बघत होते, उठले आणि म्हणाले शेवीच्या खाली फोर्डचा ॲक्सल, शरम वाटत नाही का. मी म्हटलं पुढे पण फोर्डचंच आहे. हात जोडून निघून गेले. इथून तासाभरावर फ्लिंट, जीएमचा तिथला कारखाना 1947 ला सुरू झाला आणि आजही तिथे पिकअपच बनतात, त्यामुळे इथे हे असलं बोलणं चेष्टेत घ्यायचं नसतं.

सस्पेन्शनची खरी परीक्षा गणपतीत झाली. मंडळाची मूर्ती हॉलपर्यंत न्यायची होती, ओकच्या फळ्यांचा हौदा, त्यावर गादी, गादीवर चौरंग. मिशिगनचे खड्डे आपल्याला लाजवतील असले आहेत. मागचे पाटे मी आधीच कमी केले होते, नाहीतर रिकामी गाडी टणाटण उडायची. वीस मैलांच्या स्पीडने नेली, मोदकाचं टोकही हललं नाही. मागच्या एसयूव्हीतली पोरं झांजा वाजवत होती.

पण एक सांगतो जे कोणी सांगत नाही. गाडी सत्तरने आरामात पळते आणि आपण विसरतो की बाकीचं 51 चंच आहे. वायपर इंजिनाच्या वॅक्यूमवर चालणारा आहे, वर चढणीला ॲक्सिलरेटर दाबला की वॅक्यूम कमी होऊन अर्ध्यात झोपतो, जोराच्या पावसात पुढचं काही दिसत नाही आणि माझ्याकडे व्ही8! इलेक्ट्रिक मोटर घेतलीय, या हिवाळ्यात बसवतो. दाराच्या रबरातून शिट्टी वाजते. एक्झॉस्ट उजव्या पायाखालून जातो, जुलैत बूट घालूनही तळवा भाजायचा, फ्लोअरला हीट मॅट टाकली तेव्हा कुठे एसीचा उपयोग व्हायला लागला. सीट सलग बाकडं आहे, वळणावर बायको माझ्या अंगावर येते, तिला ते आवडत नाही. कमरेचा पट्टा सोडून तीन पॉइंटचा लावला पण त्यासाठी केबिनच्या खांबाला आतून जाड पत्रा वेल्ड करावा लागला, नुसत्या पातळ पत्र्यात बोल्ट आवळून भागत नाही, तेवढं मात्र कुणीही टाळू नका.

एकूण खर्च 38 हजार डॉलर, त्यात माझी दोन वर्षांची शनिवार-रविवारची मजुरी धरलेली नाही. विकली तर एवढे येणार नाहीत, माहितेय. नवीन कोणी करणार असेल तर इंजिनाचे पैसे वाचवा आणि वायरिंगला घाला, आणि अर्थिंग तीन ठिकाणी द्या, इंजिन ते चासी, चासी ते केबिन, बॅटरी ते इंजिन, माझे निम्मे भुताटकीचे प्रॉब्लेम (इंडिकेटर दिला की गेज हलतो वगैरे) तिसऱ्या तारेने गेले.

जुनं 216 गराजच्या कोपऱ्यात चादरीखाली आहे, फिरतं, जाम नाही. बायकोला त्या जागी फ्रीजर हवाय. कोणाला पाहिजे असेल तर फुकट घेऊन जा, चहा पाजतो, फक्त इंजिन होइस्ट तुमची आणा, माझी परत केलीय.