डिपस्टिक नसलेली गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या कडेला ऑइल मोजायची पिवळ्या कडीची दांडी, म्हणजे डिपस्टिक, शोधू नका, ती दिलेलीच नाही. ऑइल स्क्रीनवर बघायचं, टायरची हवा स्क्रीनवर, ब्रेक पॅड किती उरले तेही स्क्रीनवर. काही महिने वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: गाडी चालू असताना इशारा द्यायला सेन्सर उत्तम. पण इशारा वेगळा आणि तपासणी वेगळी. पहिली सोय देताना दुसरी काढून घ्यायचं काही कारण नव्हतं.

आधी ऑइल, कारण सगळ्यात जास्त वैताग तिथेच आहे. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, दांडी काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. झालं. बॅटरी मेलेली असली तरी चालतं. इथे मेनूतून मोजणी सुरू करायची, तर इंजिन आयडलवर चालू हवं, गाडी सपाट हवी आणि ऑइल साधारण ७० अंशांच्या पुढे तापलेलं हवं. यातली तिसरी अट त्रास देते. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमानाचा काटा लवकर मधे येतो, ऑइल मात्र बरंच मागे असतं. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवल्याशिवाय ते तेवढं तापत नाही. म्हणजे लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, थंड इंजिनावर, जेव्हा खरं तर बघायचं असतं, तेव्हाच स्क्रीन मोजायला नकार देते किंवा मागच्या वेळचा आकडा दाखवते.

असं का, ते सेन्सर कसा चालतो यावरून कळतं. एका प्रकारात छोटी तार तापवतात आणि ती किती वेगाने थंड होते यावरून ती ऑइलमध्ये किती बुडाली आहे ते काढतात. दुसऱ्या प्रकारात चेंबरच्या (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या) तळातून अल्ट्रासाउंड वर सोडतात आणि ऑइलच्या पृष्ठभागावरून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून उंची मोजतात. ऑइलमधला आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो, म्हणून त्याच सेन्सरमध्ये तापमानाचीही मोजणी असते. चालत्या गाडीत ऑइल वळणावर एका बाजूला जातं, चढावर मागे जातं, त्यात फेस असतो. त्यामुळे एकेका मोजणीवर भरवसा न ठेवता कंट्रोल युनिट बऱ्याच वेळाची सरासरी काढतं.

या सरासरीमुळेच एक नेहमीची चूक होते. ‘ऑइल भरा’ असा संदेश येतो, माणूस अर्धा लिटर ओततो, स्क्रीनवरची पट्टी हलत नाही, म्हणून आणखी अर्धा ओततो. दुसऱ्या दिवशी पट्टी वरच्या खुणेच्या पार. बहुतेक गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमध्ये साधारण एका लिटरचं अंतर असतं. त्यामुळे संदेशात एक लिटर लिहिलं असलं तरी आधी अर्धाच टाकावा, गाडी नीट तापेपर्यंत चालवावी, मुद्दाम मोजणी घ्यावी आणि मग उरलेलं पाव-पाव लिटरने भरावं. जास्त झालेलं ऑइल क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) घुसळतो, फेस होतो, पंप फेसासोबत हवा ओढतो. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत जातं, निळा धूर येतो आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य कमी होतं.

आणि जास्तीचं काढायचं कसं? डिपस्टिकची नळी असती तर तिच्यातून बारीक पाइप घालून सक्शन पंपाने काढता आलं असतं. नळीच नाही म्हटल्यावर गाडी उचलून खालचा ड्रेन प्लग सोडावा लागतो. काही इंजिनांत नळी ठेवून वर नुसतं बूच लावलेलं असतं आणि वर्कशॉपकडे मापाची वेगळी दांडी असते. गाडी घेण्याआधी हे एकदा बॉनेट उघडून बघा. नळी असेल तर अर्धा प्रश्न सुटला.

सेन्सरला फक्त उंची कळते. रंग, वास, बोटांना लागणारा चिकटपणा कळत नाही. दांडीवर दुधट चॉकलेटी ऑइल दिसलं तर कूलंट मिसळल्याची शंका लगेच येते. पातळी वर सरकली आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असला तर इंधन चेंबरमध्ये उतरतंय. डिझेल गाडीत पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळून तो साफ करताना जादा डिझेल उशिरा फवारलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये येतं. सतत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे साफसफाईचं चक्र अर्धवट तुटतं आणि ऑइल पातळ होत जातं. सेन्सरच्या पट्टीवर मात्र सगळं छान दिसतं, उलट भरलेलं दिसतं! म्हणून भर न घालता पट्टी वर गेली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. दांडी नसताना ऑइल डोळ्यांनी बघायचा पर्याय एवढाच की फिलर कॅप (ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण) उघडून आतल्या बाजूचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टिपायचं. थंड हवेत छोट्या फेऱ्यांमुळे कॅपखाली पिवळसर साय जमते ती बहुधा नुसत्या वाफेची असते. तेवढ्यावरून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) उघडायला सांगू नका, आधी कूलंटची पातळी उतरते का ते बघा.

सेन्सर बिघडला की पट्टीच्या जागी रेघा येतात किंवा ‘सर्व्हिस’ एवढंच येतं. तो चेंबरच्या तळाला असल्यामुळे बदलायला ऑइल रिकामं करावं लागतं, तेव्हा पुढच्या ऑइल बदलीबरोबर उरकणं शहाणपणाचं. त्याआधी सेन्सरच्या वायरचा प्लग काढून बघावा: पिनांवर ऑइल झिरपलेलं असणं, वायर घासलेली असणं हे प्रकार नेहमीचे आहेत. एक गोष्ट मात्र गोंधळायची नाही. पिवळा ऑइलचा दिवा पातळीचा आणि लाल दिवा दाबाचा. दाबाचा स्विच वेगळा असतो. लाल लागला की पट्टी काही का दाखवेना, इंजिन ताबडतोब बंद.

टायरच्या बाबतीत सेन्सर खरंच कामाला येतो. हळूहळू उतरणारं पंक्चर डोळ्यांना उशिरा कळतं. पण दिवा कधी लागतो ते माहीत हवं. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथली मर्यादा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३२ पीएसआय सांगितलेल्या टायरमध्ये २४ होईपर्यंत दिवा न लागणं नियमात बसतं. २६ वर गाडी चालवत राहिलात तर कडा झिजतात, टायर तापतो, स्क्रीन गप्प. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा लागते.

प्रकार दोन. थेट प्रकारात प्रत्येक चाकात सेन्सर असतो. त्याची बॅटरी आत बंद असते, पाच ते दहा वर्षांत संपते आणि मग पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. अप्रत्यक्ष प्रकारात एबीएसने (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) मोजलेल्या चाकांच्या वेगांची तुलना करून अंदाज बांधतात. चारही टायर सारखेच उतरले तर साध्या अप्रत्यक्ष यंत्रणेला ते कळणं अवघड. शिवाय कमी हवेवर रीसेट दाबलं तर तीच हवा योग्य म्हणून ती लक्षात ठेवते. क्रम पाळा: टायर थंड असताना गेजने हवा मोजा, भरा, मगच रीसेट. तापमानात १० अंशांचा फरक पडला की दाब दीड-दोन पीएसआयने हलतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या सकाळी दिवा लागला तर पंक्चर शोधत बसू नका. दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवा कमी नाही, यंत्रणाच बिघडली आहे. धातूच्या व्हॉल्व्हच्या सेन्सरमध्ये निकेलचा मुलामा असलेलाच व्हॉल्व्ह कोर घाला. साधा पितळी कोर अॅल्युमिनियममध्ये गंजून अडकतो आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो.

ब्रेक पॅडचा सेन्सर म्हणजे पॅडमध्ये पुरलेली तार, झीज तिथवर आली की ती तुटते. पण अनेक गाड्यांत ती प्रत्येक अॅक्सलच्या एकाच चाकावर असते. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकला तर तिथला पॅड धातूपर्यंत खलास होतो आणि दिवा लागत नाही. टायरच्या जागा आपसात बदलायला चाक काढाल तेव्हा आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड टॉर्चने बघा.

तापमानाचा काटा तर शोभेचा झाला आहे. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मधे खिळवून ठेवतात, म्हणजे चालक घाबरत नाही. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) उघडा अडकला किंवा पंखा उशिरा लागतोय हे त्यावरून कळणारच नाही. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा) लागणारा छोटा अॅडाप्टर आणि फोनवरचं अॅप खरा आकडा दाखवतात. या गाडीसाठी केलेली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. त्यावर बॅटरीचं व्होल्टेजही दिसतं, फक्त स्मार्ट अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे त्याचे आकडे वरखाली होतात ते बघून दचकू नये. बॅटरी खरोखर पारखायची तर गाडी रात्रभर उभी ठेवून थेट टर्मिनलवर मल्टिमीटर लावा: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही दांडी नाही. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर फिरवून झालेले, फ्लुइड साधारण ३५ ते ४५ अंशांत आणि मग बाजूचा लेव्हल प्लग सोडून बारीक धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. नेमके अंश गिअरबॉक्सप्रमाणे बदलतात आणि ते स्कॅनरवरच वाचावे लागतात. ज्या गॅरेजमध्ये तापमान न बघता प्लग उघडतात तिथे हे काम देऊ नका. जास्त तापलेलं फ्लुइड फुगलेलं असतं, ते ओघळून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते.