व्हेंडर पेरोलला अडीच स्टार, डायरेक्टला साडेतीन, आणि हो दोन्ही वापरून बघितलंय

व्हेंडर म्हणजे आपल्याला स्वतःच्या पगारावर ठेवून दुसऱ्या कंपनीत, म्हणजे क्लाएंटकडे, कामाला पाठवणारी मधली कंपनी, आणि डायरेक्ट म्हणजे मधलं कोणी नाही, क्लाएंटला आपणच बिल द्यायचं. खरं तर व्हेंडरला एक स्टार देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण लिहायला बसल्यावर बँकेचे जुने मेसेज काढून बघितले आणि दीड स्टार वाढवावा लागला. नाव लिहीत नाहीये, पुण्यात असे व्हेंडर गल्लोगल्ली आहेत आणि कुठेही गेलात तरी अनुभव साधारण हाच.

मी क्यूए ऑटोमेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. तीन वर्षं थर्ड पार्टी पेरोलवर होते, म्हणजे बसायचं खराडीत क्लाएंटच्या ऑफिसात, लॅपटॉप क्लाएंटचा, मॅनेजर क्लाएंटचा, आणि सॅलरी स्लिपवर नाव तिसऱ्याच कंपनीचं जिचं ऑफिस मी एकदाच बघितलं, जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल मार्कशीट दाखवायला. आयडी कार्डाच्या पट्टीचा रंगही वेगळा, लांबूनच कळतं कोण कोणाचं. दिवाळीला बाकीच्यांच्या डेस्कवर ड्रायफ्रूटचे डबे आणि आम्हाला व्हेंडरकडून पणतीचं चित्र असलेला ईमेल. असो.

आधी चांगलं सांगते. पगार १ तारखेला. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही, आणि नंतर कळलं की क्लाएंट त्यांचं बिल ६० दिवसांनी द्यायचा, म्हणजे दोन महिने हे लोक माझा पगार स्वतःच्या खिशातून घालत होते. ही किती मोठी गोष्ट आहे ते डायरेक्ट झाल्यावरच समजतं. पीएफ वेळेवर भरला जायचा, आईबाबांसकट ग्रुप मेडिक्लेम होता, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातच कॅशलेस झालं. फॉर्म १६ जूनमध्ये न मागता मेलवर.

आता अडीच स्टार का कापले. दर वर्षी पगारवाढीच्या वेळी एकच टेप: मॅडम क्लाएंटने रेटच वाढवला नाही, आमचं मार्जिन आठ-दहा टक्केच असतं, आम्हालाही परवडत नाही. मी विश्वास ठेवला. मग एक दिवस क्लाएंटच्या अकाउंट्समधून टाइमशीटचा मेल फॉरवर्ड होऊन आला आणि त्याला चुकून पीओची (क्लाएंटने व्हेंडरला दिलेल्या परचेस ऑर्डरची) पीडीएफ चिकटलेली. माझ्या नावासमोर महिना १,९०,००० अधिक जीएसटी. माझा सीटीसी, म्हणजे माझ्यावरचा एकूण पगारखर्च, महिन्याला १,३०,०००, तोही कंपनीचा पीएफ धरून. मी मोबाइलवर दोनदा वजाबाकी केली, दोन्ही वेळा साठ हजारच आले.

लोक म्हणतात मार्जिन म्हणजे चोरी, मला तसं वाटत नाही. इंटरव्ह्यू त्यांनी लावून दिला, दोन महिने पैसे अडकवले, मेडिक्लेम काढला, त्याचे काहीतरी घेणारच ना. वीस-पंचवीस हजार घेतले असते आणि तोंडावर सांगितले असते तर मी आजही तिथेच असते बहुतेक. पण परवडत नाही म्हणून तीन वर्षं रडून दाखवलं ते डोक्यात गेलं.

सोडायचं ठरवलं तर ऑफर लेटरमध्ये कलम होतं की सोडल्यावर एक वर्ष याच क्लाएंटकडे काम करायचं नाही, आणि त्यांच्या एचआरचा लगेच लीगल ॲक्शनवाला मेल आला. ओळखीच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ आहे, नोकरी संपल्यावर कुठे काम करायचं नाही असली बंधनं कोर्टात सहसा टिकत नाहीत. मी खूश. पण खरा अडसर तो नव्हताच, क्लाएंट आणि व्हेंडर यांच्या आपसातल्या ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं की त्यांचा माणूस सहा महिने डायरेक्ट घ्यायचा नाही, आणि क्लाएंटची प्रोक्युरमेंट (खरेदी-करार बघणारी) टीम ते मोडायला तयार नव्हती कारण त्याच व्हेंडरची अजून बरीच माणसं त्यांच्याकडे. तुम्ही कोणी या विचारात असाल तर आपलं ऑफर लेटर नंतर वाचा, आधी क्लाएंटच्या मॅनेजरला हे विचारा.

मग सप्टेंबर २०२४ ला बाहेर पडून सहा महिने सांगलीकडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घेतलं, डायरेक्ट, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलेलं, गोड बोलणारी माणसं. तीन इन्व्हॉइस तुंबले. फोन केला की मॅडम या आठवड्यात नक्की. नशिबाने आमच्या सीएंनी ऑक्टोबरमध्येच उद्यम रजिस्ट्रेशन करायला लावलं होतं (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, पोर्टलवर स्वतः करा, यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका). २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) नावाचं कलम आणलं, मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मुदत म्हणजे लेखी ॲग्रीमेंट असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. वर उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी एकच मेल टाकला, उद्यम नंबर, कलमाचा नंबर, आणि सीसीमध्ये त्यांचेच सीए. २८ तारखेला तिन्ही बिलं जमा. गोड बोलणं मात्र तेव्हापासून बंद आहे.

एप्रिल २०२५ पासून खराडीचाच क्लाएंट, डायरेक्ट, महिना १,८५,००० अधिक जीएसटी. क्लाएंटचे पाच हजार वाचले, माझे पंचावन्न वाढले, निदान कागदावर तरी. व्हेंडर ऑनबोर्डिंगलाच, म्हणजे मला व्हेंडर म्हणून नोंदवून घ्यायलाच, पाच आठवडे गेले कारण एकटी बाई व्हेंडर म्हणून त्यांच्या सिस्टीममध्ये बसेना, मागच्या तीन वर्षांचा बॅलन्सशीट मागत होते, म्हटलं अहो मी तीन वर्षं तुमच्याच चौथ्या मजल्यावर होते.

आता पैशाचं गणित, कारण ते कोणी नीट सांगत नाही. वर्षाचे २० लाखांच्या वर जातात म्हणून जीएसटी नंबर घ्यावाच लागला. इन्व्हॉइस १,८५,००० + ३३,३०० जीएसटी, त्यातून १० टक्के टीडीएस म्हणजे १८,५०० कापून हातात १,९९,८००. दिसायला भारी. पण त्यातले ३३,३०० सरकारचे, आणि क्लाएंटने पैसे दिले असोत नसोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचेच. पेमेंट ४५ दिवसांनी येतं, त्यामुळे पहिला जीएसटी मी एफडी मोडून भरला. तेव्हा जुन्या एचआरची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

टॅक्समध्ये मात्र मजा आहे. इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली (माझ्यासारख्या स्वतंत्र प्रोफेशनलसाठी) आलेल्या रकमेतली निम्मी उत्पन्न म्हणून दाखवता येते, माझे वर्षाचे २२ लाख २० हजार म्हणजे ११ लाख १० हजार, आणि २०२५-२६ ला नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे टॅक्स शून्य. मला दुसरं उत्पन्न फार नाही, म्हणजे कापलेला टीडीएस जवळजवळ सगळा परत यायला हवा. रिटर्न भरायचंय अजून, आला की सांगते. वर्षाला २,५०० प्रोफेशन टॅक्स आपला आपण भरायचा, तो विसरू नका, मी विसरले होते.

गेलं काय ते पण ऐका. मेडिक्लेम स्वतःचा घेतला, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला तरी आईबाबांचा प्रीमियम बघून पोटात गोळा येतो, आणि बाबांच्या शुगरला वेटिंग पिरियड. सुट्टी घेतली की पैसे नाहीत, गणपतीचे पाच दिवस मला किती रुपयांना पडले ते आईला सांगितलंच नाही. होम लोनला बँकवाला म्हणाला दोन वर्षांची रिटर्न दाखवा, सॅलरी स्लिप होती तेव्हा हाच माणूस रोज फोन करायचा. आणि टीममधली माझी मैत्रीण अजून व्हेंडरकडेच आहे, मुद्दाम, कारण तिला बाळाचा विचार आहे आणि पेरोलवर २६ आठवडे पगारी रजा मिळते. तिला मी एकदाही ‘तूही डायरेक्ट हो’ असं म्हटलं नाही.

तर ज्यांच्याकडे चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला आहे, बरा सीए आहे आणि क्लाएंटकडे फोन उचलणारा मॅनेजर आहे त्यांनी बिनधास्त जा. पहिलीच नोकरी असेल तर व्हेंडर ठीक, फक्त बिल रेट किती ते विचारा, सांगणार नाहीत, तरी विचारा.

डायरेक्टचा दीड स्टार कापलाय त्यातला एक पेमेंटच्या पाठपुराव्यासाठी. डिसेंबरचं बिल अजून अंडर प्रोसेस दाखवतंय, आणि अकाउंट्सच्या ज्या ताईंनी ती पीडीएफ पाठवली होती त्याच आता माझा फोन उचलत नाहीत.