मासा लागत नाही तेव्हा जिवंत आमिष की ल्युअर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अनेक महिने मी एकाच रॉडवर आलटून पालटून दोन्ही प्रकारची आमिषे वापरत आहे. जिवंत आमिषांत गांडुळे, छोटे मासे आणि कोळंबी होती; कृत्रिम आमिषांत, ज्यांना मी पुढे सरसकट ल्युअर म्हणतो, धातूचा चमच्यासारखा स्पून, फिरत्या पात्याचा स्पिनर, ओठ असलेला माशाच्या आकाराचा ल्युअर आणि मऊ रबरी आमिषे होती. या काळात मासे भरभरून लागले असे दिवस आले, आणि काहीच लागले नाही असा एक लांब, कंटाळवाणा टप्पाही आला. आमिषाची खरी परीक्षा या दुसऱ्या काळात होते, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याच काळाबद्दल आहे. जिवंत आणि कृत्रिम आमिषांची तुलना बहुधा ‘कशावर जास्त मासे मिळतात’ एवढ्याच कसोटीवर केली जाते. मला ती कसोटी अपुरी वाटते, कारण ही दोन आमिषे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मासा या पाण्यात कुठे आहे, हे ल्युअर लवकर सांगतो. समोर असलेला मासा आत्ता खायला तयार आहे की नाही, हे जिवंत आमिष सांगते.

रिकाम्या हाताने परतण्याच्या काळाबद्दल आधी थोडा हिशेब मांडतो. एखाद्याच्या सरासरी निम्म्या फेऱ्या रिकाम्या जात असतील, तर कोणत्याही लागोपाठ चार फेऱ्या रिकाम्या जाण्याची शक्यता सोळात एक इतकी असते. वर्षभर नियमाने जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशी रांग एकदा तरी येण्याचा संभव बराच असतो, आणि त्यासाठी पाण्यात, आमिषात किंवा हातात काहीही बिघडलेले असावे लागत नाही. मात्र हा हिशेब उलट्या बाजूनेही लागू पडतो: चार वेळा काही मिळाले नाही, म्हणून पाचव्या वेळी मिळणारच असे मानायला आधार नसतो. ‘आता तर मिळायलाच हवा’ या हट्टाने अंधार पडेपर्यंत थांबण्यापेक्षा ठरलेल्या वेळी सामान आवरणे मला जास्त मानवले.

योगायोगापलीकडची कारणे अर्थातच असतात. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते, त्यामुळे पाणी थंड झाले की त्यांचे पचन मंदावते आणि भूकही मंदावते. उलट पाणी फार तापले तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. १० अंश सेल्सिअस तापमानाचे गोडे पाणी दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते, तर ३० अंशांना ते प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. उन्हाळ्यात खोल, संथ पाण्याचे थर पडतात. वरचा थर उबदार राहतो, खालचा थंड राहतो आणि खालच्या थरातला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो. अशा वेळी ‘मोठा मासा तळाशी असतो’ ही समजूत धरून तळाशीच गळ सोडणारा माणूस मासे नसलेल्या पाण्यात चिकाटीने बसून राहतो.

हवेच्या दाबाबद्दल मात्र मी साशंक आहे. दाब उतरला की मासे खातात किंवा खाणे सोडतात, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलणे म्हणजे पाण्याच्या साधारण १० सेंटीमीटर खोलीइतका फरक, आणि तेवढा चढउतार मासा शेपटीच्या एका फटकाऱ्यात करतो. दाबाबरोबर येणारे ढग, वारा आणि मंद उजेड यांचा परिणाम होत असणार हे पटते, आणि त्या गोष्टी वायुभारमापक न पाहताही डोळ्यांना दिसतात.

आता मन टिकवण्याबद्दल. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले होते, की बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळाले, तर ते मिळवण्याची धडपड फार काळ टिकते. गळ टाकण्याचा नाद सुटत नाही त्यामागे हेच आहे. परंतु दोन बक्षिसांमधले अंतर सवयीपेक्षा खूप वाढले, की हीच यंत्रणा ढिली पडते आणि माणूस घरी बसायची कारणे शोधू लागतो. माझ्या बाबतीत यावर वही उपयोगी पडली. तिच्यात माशांची संख्या दुय्यम ठेवली. पाण्याचे तापमान, गढूळपणा, खोली, आमिष आणि ‘स्पर्श’ असे रकाने आखले. स्पर्श म्हणजे मासा लागला नाही, पण दोरीला झालेली टिकटिक, गांडुळाचा कुरतडलेला शेवट, रबरी शेपटीवर उमटलेले दातांचे बारीक ओरखडे. मासा न मिळता दोन स्पर्श झालेला दिवस आणि एकही स्पर्श न झालेला दिवस हे वहीत वेगळे दिसू लागले, तेव्हा रिकामी फेरी सरसकट वाया गेली असे वाटणे थांबले. दुसरा बदल असा, की प्रत्येक फेरीला एकच प्रश्न नेमून घेतला: आज फक्त काठाजवळचे गवत, आज फक्त अर्ध्या खोलीवरचे पाणी. फेरी छोटी ठेवली आणि प्रश्नाचे उत्तर मिळाले की परतलो. नवा ल्युअर विकत घेतल्याने येणारा उत्साह मात्र डबा उघडेपर्यंतच टिकतो, असा माझा स्पष्ट निष्कर्ष आहे. इतरांच्या भल्यामोठ्या माशांची छायाचित्रे पाहत बसणे तर त्या काळात पूर्ण बंदच ठेवावे.

जिवंत आमिषाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या वासात आणि चवीत आहे. गांडुळाच्या किंवा कोळंबीच्या शरीरातून अमिनो आम्ले पाण्यात झिरपतात आणि माशाला ती दुरून कळतात. मिशा असलेल्या माशांमध्ये चवीची केंद्रे तोंडापुरती मर्यादित नसतात; मिशांवर आणि जवळजवळ साऱ्या अंगावर ती पसरलेली असतात. गढूळ पाण्यात, रात्री किंवा पाणी थंड असताना नजरेवर शिकार करणारे मासेही सुस्त असतात, आणि तेव्हा एका जागी पडून वास सोडणारे आमिष निर्विवाद सरस ठरते. गांडूळ गळावर संपूर्ण ओवून त्याचा गोळा करण्यापेक्षा कातडीतून एकदोनदाच टोचून दोन्ही टोके मोकळी ठेवली, तर ते बराच वेळ वळवळते. टोचणी मध्यभागी केली तर छोटे मासे टोके तोडून नेतात आणि गळाभोवती अर्धा सेंटीमीटर फिकट तुकडा उरतो. असा तुकडा वारंवार वर येऊ लागला, तर आमिषाला नावे ठेवण्यापूर्वी गळ एक आकार लहान करून पाहावा.

त्याची निगा मात्र कटकटीची आहे. गांडुळे दमट, अंधाऱ्या आणि थंड जागी दीर्घकाळ टिकतात, पण एक मेलेले राहिले की पूर्ण डबा नासतो. छोटे मासे त्याहून नाजूक. बादलीत गर्दी झाली की ऑक्सिजन संपतो, नळाच्या पाण्यातले क्लोरिन त्यांना मारते, आणि बादलीतल्या व बाहेरच्या पाण्याच्या तापमानात मोठा फरक असेल तर पाण्यात सोडताक्षणी ते गारठतात किंवा निपचित पडतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतल्यानंतर त्यांचे मरणे खूप कमी झाले, तरी निघण्यापूर्वीचा अर्धा वेळ आमिषाच्या सेवेत जातो ही तक्रार कायम आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जिवंत आमिष मासा निवांतपणे गिळतो, त्यामुळे गळ घशात किंवा पोटात खोल जाण्याचे प्रमाण ल्युअरपेक्षा जास्त असते, आणि खोल रुतलेला गळ ओढून काढलेला मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. पकडून सोडणाऱ्यांनी आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरावा. त्यावर झटका द्यायचा नसतो. दोरी हळूहळू ताणली की गळ सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात बसतो. झटक्याची सवय असलेल्या हाताला हे शिकायला वेळ लागतो. खोल रुतलाच, तर गळ काढण्याच्या खटपटीत न पडता दोरी तोंडाजवळ कापणे माशाच्या दृष्टीने बरे.

ल्युअर हे अगदी निराळे हत्यार आहे. १९३६ मध्ये फिनलंडमधील मच्छीमार लाउरी रापाला यांनी आपला पहिला ल्युअर बुचाच्या तुकड्यातून जोडे शिवणाऱ्याच्या सुरीने कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चकचकीत कागद चढवला आणि फोटोची फिल्म वितळवून तिचा थर दिला. मोठे मासे थव्यातल्या धडधाकट माशांना सोडून वेडावाकडा पोहणाऱ्या जखमी माशावर झडप घालतात, हे निरीक्षण त्यामागे होते. ओठाच्या ल्युअरचे गमक आजही तेच आहे. पुढच्या पारदर्शक ओठावर पाणी आदळते, ल्युअर खाली जातो आणि डोलतो. ओठ लांब व आडवा असेल तर अधिक खोल जातो, आखूड व उभा असेल तर वरच राहतो. स्पिनरचे रुंद, गोल पाते संथ फिरूनही जोरदार कंप देते, म्हणून गढूळ पाण्यात ते बरे. निमुळते पाते कमी कंप आणि जास्त चमक देते, म्हणून ते स्वच्छ पाण्यासाठी ठेवावे. माशाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा हे कंप जवळच्या अंतरावरून टिपते. रंगांची चर्चा मात्र नको तितकी होते. पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे हातात झगमगणारा लाल ल्युअर काही मीटर खोलीवर करडा किंवा काळपट दिसतो. माझ्या वापरात रंग बदलून फरक पडला त्याहून कितीतरी जास्त वेळा रीळ फिरवण्याचा वेग बदलून पडला, आणि थंड पाण्यात तर वेग निम्म्यावर आणूनही तो जास्तच वाटत असे.

रबरी आमिषे स्वस्त, बहुगुणी आणि साठवायला चमत्कारिक आहेत. वेगवेगळ्या रबराची आमिषे एका डब्यात ठेवली तर ती एकमेकांत वितळून चिकट लगदा होतो, आणि काही डब्यांचे कठीण प्लास्टिकही त्याने विरघळते. मूळ पिशवीतच ठेवणे उत्तम. तुटलेले तुकडे पाण्यात टाकू नयेत, कारण ते कुजत नाहीत आणि मासे ते गिळतात.

मासे गळाला शिकतात का, हा प्रश्न अशा काळात हमखास निघतो. १९७० मध्ये नेदरलँड्समधील संशोधक बेउकेमा यांनी पाइक या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पिनरवर एकदा पकडून सोडलेले पाइक पुन्हा स्पिनरला सहज फसत नव्हते, जिवंत आमिषावर मात्र तसा ठळक परिणाम दिसला नाही. ज्या पाण्यात रोज ल्युअर फिरतात तिथे गांडूळ किंवा छोटा मासा का चालतो, याचे हे मला पटलेले स्पष्टीकरण आहे. माझ्या वहीतही वर्दळीच्या काठावरचे ल्युअरचे रकाने कोरडे आणि आडबाजूच्या काठावरचे भरलेले आहेत, अर्थात वहीला प्रयोगाची शिस्त नसते.

या सगळ्यातून माझा क्रम असा ठरला. रिकाम्या फेऱ्यांच्या काळात आधी ल्युअरने भराभर पाणी चाळावे, दर जागी थोडेच फेक करावेत आणि खोली बदलत राहावी. कुठे पाठलाग, उसळी किंवा हलका धक्का जाणवला की तिथेच थांबून जिवंत आमिष शांतपणे सोडावे. त्यालाही कोणी तोंड लावले नाही, तर मासा आहे पण खात नाही असे समजून जागा सोडण्याऐवजी वेळ बदलावी. सुरुवातीपासून जिवंत आमिष लावून एका जागी बसण्याचा तोटा असा, की काही न मिळाल्यास मासा नव्हता की भूक नव्हती हे कळतच नाही, आणि मन सर्वांत जास्त या संभ्रमाने खचते. नवशिक्याला मात्र मी पहिले काही आठवडे गांडूळच देईन, कारण छोटा का होईना मासा लागल्याशिवाय दोरीची भाषा समजत नाही. उरलेले जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात कधीही सोडू नये आणि बादलीतले पाणीही ओतू नये. परक्या जाती आणि माशांचे रोग अशाच वाटेने पसरतात.

तक्रार गळांबद्दल उरते. बहुतेक ल्युअरवर दोन तिहेरी गळ असतात. ते माशाचे तोंड फाडतात, जाळीत अडकतात आणि सोडवताना बोटात घुसतात. त्यांची धारही बाजारातून येताना सारखी नसते: टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढले की ते रुतायला हवे, घसरले तर गळ बोथट आहे. मी आता टोकाजवळचा उलटा काटा नसलेले एकेरी गळ बसवून पाहत आहे. मासे निसटण्याचे प्रमाण भीती होती तितके वाढले नाही, पण वजन कमी झाल्याने छोटे ल्युअर जास्त तरंगतात आणि डोलण्याऐवजी आडवे लोळतात, त्यामुळे सध्या जाड तारेचे गळ लावून त्यांचा तोल जुळवण्याचे काम चालू आहे.